वाचकांचे प्रश्न: दान्तेच्या स्वर्गात अडकलेल्यांसाठी

प्रश्न: ताई, मी इटालियन कवी दान्तेची 'डिव्हाइन कॉमेडी' इंग्लिश अनुवादातून वाचतेय. नरकाचा भाग आठवड्यात संपवला, मधला शुद्धीच्या डोंगराचा पण आवडला, पण स्वर्गाच्या दुसऱ्याच सर्गात गाडी अडकलीय. चंद्रावर डाग का दिसतात यावर दान्तेला स्वर्ग दाखवणाऱ्या बिआट्रिसचं लेक्चर चालूय नुसतं. सगळेच सुखात आहेत, मग गोष्ट कुठाय यात? वाचू की सोडू?

उत्तर: सोडू नका हो! आणि तुम्ही नेमक्या जिथे अडकलात ना, तिथेच दान्तेने स्वतः पाटी लावलीय. दुसऱ्या सर्गाची सुरुवातच अशी आहे की छोट्या होडीत बसून माझ्या मागे येताय त्यांनो, किनारा दिसतोय तोवर परत फिरा, पुढे खोल पाणी आहे. मग डागांची चर्चा, त्यात तीन आरशांचा प्रयोग, दोन आरसे सारख्या अंतरावर आणि तिसरा त्यांच्या मधे पण जरा लांब, आपल्या पाठीमागे दिवा, लांबच्या आरशात दिवा लहान दिसतो पण तेज तेवढंच. मला हा भाग आवडतो, पण पहिल्या वाचनात चाळून पुढे गेलात तरी काही बिघडत नाही. तिसऱ्या सर्गापासून माणसं भेटायला लागतात.

आता गोष्ट. नरकात गोष्ट भेटणाऱ्या माणसांची असते, स्वर्गात मात्र ती दान्तेची स्वतःची आहे असं मला वाटतं, आणि ती सुखाची नाहीये. १३०२ साली त्याला फ्लॉरेन्समधून हद्दपार केलं, हाती लागला तर जिवंत जाळायची शिक्षा, आणि १३२१ मध्ये रावेन्नात वारला तोवर तो घरी परत जाऊ शकला नाही. पण काव्यातला प्रवास १३०० च्या ईस्टरला घडतो, म्हणजे काव्यातल्या दान्तेवर हे संकट अजून यायचंय! या स्वर्गात प्रत्येक ग्रहाचा एकेक गोल आहे, त्यातल्या मंगळाच्या गोलात त्याचा खापरपणजोबा काच्चाग्विदा भेटतो आणि १७ व्या सर्गात, ३३ सर्गांमधल्या बरोब्बर मधल्या, तो सरळ सांगून टाकतो की जे जे जीवापाड आवडतं ते सगळं तुला सोडावं लागेल, दुसऱ्याची भाकरी किती खारट लागते आणि दुसऱ्याच्या घरचे जिने चढणं-उतरणं किती जड जातं ते तुला कळेल. हे लिहिताना तो ते जिने खरंच चढत होता, हे डोक्यात ठेवून वाचा म्हणजे कळेल मी काय म्हणतेय. मग २५ व्या सर्गात, समोर साक्षात संत असताना, मधेच तो म्हणतो की ज्या काव्यापायी मी इतकी वर्षं झिजलो त्याने कधी फ्लॉरेन्सच्या लोकांचं मन वळवलं तर मी परत जाईन आणि जिथे माझा बाप्तिस्मा झाला तिथेच कवीचा मुकुट घालीन. स्वर्गात उभा राहून माणूस गावाची आठवण काढतोय. मला तर तिथे दर वेळी थांबावं लागतं.

तेव्हा ३, १७, २२ आणि ३० ते ३३ हे सर्ग आधी वाचा, बाकीचे नंतर. २२ व्यात तो ताऱ्यांवरून खाली बघतो तेव्हा पृथ्वी त्याला एवढंसं खळं दिसते, आणि त्या खळ्यासाठी आपण इतके हिंस्र होतो.

प्रश्न: स्वर्गात पण वरचे-खालचे मजले? मग खालच्यांना वाईट वाटत नाही का?

उत्तर: अगदी हेच दान्ते विचारतो, पिकार्दाला. ही फ्लॉरेन्सचीच, त्याच्या मित्राची बहीण, मठात जोगीण झालेली, पण जबरदस्तीने तिथून ओढून काढली आणि व्रत मोडलं म्हणून चंद्रावर, सगळ्यात खालच्या गोलात दिसते. ती आधी हसते, मग सांगते की जे मिळालंय त्याहून जास्तीची तहानच आम्हाला नाही, देवाच्या इच्छेतच आमची शांती आहे. आणि पुढच्याच सर्गात खुलासा येतो की सगळे आत्मे खरं तर एकाच सर्वोच्च स्वर्गात राहतात, गोलांमध्ये ते फक्त दान्तेला समजावं म्हणून दिसतात. तरी तिच्यावर जबरदस्ती झाली असताना तिला खालचं स्थान का, हे मला आजही टोचतं. दान्तेलाही टोचलं असणार, कारण पुढच्या सर्गात बिआट्रिस त्याच्या मनातला हाच प्रश्न न विचारता ओळखते आणि त्याचं उत्तर देते.

प्रश्न: यात भारताचा उल्लेख आहे असं ऐकलंय, खरं का?

उत्तर: सिंधू नदीचा आहे, १९ व्या सर्गात. गुरूच्या गोलात न्यायी राजांचे आत्मे मिळून एक गरुड तयार होतो आणि तो दान्तेच्या मनातली जुनी शंका बोलून दाखवतो: सिंधूकाठी एक माणूस जन्मतो, तिथे ख्रिस्ताचं नावही कोणी घेत नाही, त्याचं वागणं बोलणं सगळं चांगलं, तो तसाच मरतो, मग त्याला दोषी ठरवणं हा कुठला न्याय? मध्ययुगातल्या एका कट्टर श्रद्धाळू ख्रिश्चनाने हे विचारावं याचं मला फार अप्रूप वाटतं. गरुड आधी झापतो, वीतभर नजरेने हजार मैलांवरचं जोखणारा तू कोण, पण मग म्हणतो की ख्रिस्त ख्रिस्त ओरडणारे कितीतरी जण शेवटच्या दिवशी त्याच्यापासून लांब असतील, ज्यांनी त्याला ओळखलंच नाही त्यांच्याहूनही लांब. पुढच्या सर्गात तर गरुडाच्या भुवईत रिफेउस नावाचा ट्रॉयचा माणूस दिसतो, येशूच्या शेकडो वर्षं आधीचा, रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात त्याच्यावर जेमतेम दोन-तीन ओळी आहेत की ट्रॉयमध्ये सगळ्यात न्यायी हाच. तो स्वर्गात आहे. त्या ओळी लिहिणारा व्हर्जिल, ज्याने दान्तेला हाताला धरून नरकातून बाहेर आणलं, तो मात्र नरकाच्या पहिल्या वर्तुळातच राहिला.