वाचकांचे प्रश्न : एका घरात दोन चर्च

प्रश्न : आमची मुलगी कॅथलिक. तिचे लग्न ज्याच्याशी ठरले आहे तो मुलगा वास्कोत नोकरीला आहे, घरचे मूळचे नगरचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सीएनआय या प्रॉटेस्टंट चर्चचे. आमच्या फिर्गजेचे (पॅरिशचे) विगार म्हणजे मुख्य फादर म्हणतात, बिशपांची परवानगी लागेल. मुलाने पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा का? होणाऱ्या मुलांना कॅथलिक करीन, असे त्याने लिहून द्यायचे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही'. पाण्याने आणि 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा' यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करते. सीएनआयमधला बाप्तिस्मा असाच असतो. त्यांच्या नोंदवहीतला दाखला आणला की काम झाले. असा दाखला हातात असताना पुन्हा बाप्तिस्म्याची मागणी कोणी केली, तर ती कॅथलिक नियमालाच सोडून आहे.

गोंधळ होतो तो ज्या स्वतंत्र ख्रिस्ती मंडळ्यांना गोव्यात सरसकट 'बिलिव्हर्स' म्हणतात त्यांच्या बाबतीत. त्यांतल्या काही मंडळ्या फक्त 'येशूच्या नावाने' बाप्तिस्मा देतात आणि तो कॅथलिक चर्च धरत नाही. मग बिशपांकडे करायचा अर्जच बदलतो. बाप्तिस्मा झालेल्या प्रॉटेस्टंटाशी लग्न करायला परवानगी लागते. ती न घेता फादरांसमोर लग्न लागले तर नियमभंग होतो, पण लग्न टिकते. बाप्तिस्मा न झालेल्याशी लग्न करायला सूट लागते. ती नसेल तर कॅथलिक कायद्याच्या दृष्टीने लग्न झालेलेच नसते. म्हणून दाखल्यावर बाप्तिस्मा कोणत्या शब्दांत झाला याचा उल्लेख नसेल, तर त्या चर्चकडून तो लेखी मागून घ्या.

वचन द्यायचे ते तुमच्या मुलीने : स्वतःचा विश्वास सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावे म्हणून शक्य ते सारे करीन. मुलाला या वचनाची फक्त कल्पना द्यायची असते. पूर्वी त्याच्याकडूनही हमी घेत. 1970 साली पोप सहावे पॉल यांनी ती अट काढून टाकली. 'शक्य ते सारे' हे शब्द नीट वाचा. नवऱ्याशी भांडून संसार मोडावा, असा त्यांचा अर्थ नाही.

लग्न मुलाच्या चर्चमध्ये करायचे ठरले, तर कॅथलिक विधीनेच लग्न करण्याच्या अटीतून वेगळी सूट लागते आणि तीही आधीच मिळवावी लागते. ती राहून गेली तर कॅथलिक नोंदीत तुमची मुलगी अविवाहितच राहते. दोन्हीकडची मने राखायला सकाळी एका चर्चमध्ये व संध्याकाळी दुसऱ्यात अशा दोनदा शपथा घेणे कॅथलिक नियमाला मंजूर नाही. विधी एकच, दुसऱ्या चर्चचे पाळक येऊन प्रार्थना करू शकतात, आशीर्वाद देऊ शकतात. गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी सगळ्यांनाच लागते आणि ती या परवानग्यांपेक्षा वेगळी आहे. पत्रिका छापण्याआधी निबंधक कार्यालयात जाऊन या.

प्रश्न : सून प्रॉटेस्टंट आहे. आमच्याबरोबर मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) येते, पण कम्युनियनच्या म्हणजे पवित्र भाकरी घेण्याच्या वेळी बाकावर बसून राहते. शेजारीपाजारी विचारतात. तिने घेतले तर काय बिघडले? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ती बसून राहते ते बरोबरच करते. कॅथलिक नियमाने प्रॉटेस्टंटाला कम्युनियन देता येते ते मृत्यूच्या धोक्यात किंवा बिशपांनी मान्य केलेल्या तशाच गंभीर निकडीत. त्यातही स्वतःचा पाळक गाठता येत नसावा, मागणी आपणहून केलेली असावी आणि या संस्काराबद्दलचा विश्वास कॅथलिकांसारखाच असावा. रविवारची मिस्सा किंवा फेस्त (सण) ही निकड होत नाही.

उलट दिशेने पाहिले तर बरीच प्रॉटेस्टंट चर्च इतर चर्चच्या सभासदांनाही प्रभुभोजनाला म्हणजे आपल्याकडच्या कम्युनियनला बोलावतात. मात्र ते घ्यायला कॅथलिकाला त्याचे स्वतःचे चर्च मनाई करते. कारण पौरोहित्याचे आहे. प्रेषितांपासून बिशपांच्या हातांनी चालत आलेली दीक्षा प्रॉटेस्टंटांकडे तुटली, असे रोमचे म्हणणे. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चची) दीक्षाही रोमने 1896 मध्ये निरर्थक ठरवली. सीएनआयमध्ये बिशप आहेत, पण त्याने हे गणित बदलत नाही.

सगळे प्रॉटेस्टंट प्रभुभोजनाला नुसती आठवण मानतात, हा समज मात्र चुकीचा आहे. 1529 मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंगली या प्रॉटेस्टंट सुधारकांचे पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जमले. फिसकटले ते नेमके यावर. भाकरीत ख्रिस्त खरोखर हजर असतो, हे ल्यूथरने शेवटपर्यंत सोडले नाही.

प्रश्न : एका कॅथलिक अंत्यविधीत मक्काबींच्या ग्रंथातले वाचन ऐकले. आमच्या पवित्र शास्त्रात हा ग्रंथच नाही. कोणी वाढवला, की कोणी वगळला? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : कॅथलिक बायबलात 73 ग्रंथ, प्रॉटेस्टंटांत 66. फरकाचे सात : टोबीत, यहूदीथ, मक्काबींचे दोन, ज्ञानग्रंथ, बेन सिराक आणि बारूख. शिवाय एस्तेर व दानीएल यांतले काही भाग. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने 1546 मध्ये ते घुसडले, हे खरे नव्हे. चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतल्या परिषदांच्या याद्यांत ते होतेच. ल्यूथरने फाडून टाकले, हेही खरे नव्हे. त्याच्या 1534 च्या बायबलात ते छापलेले आहेत, फक्त वेगळ्या विभागात, शास्त्राच्या बरोबरीचे नाहीत पण वाचायला चांगले, असे म्हणून. यहूद्यांच्या हिब्रू शास्त्रात ते नाहीत, हा त्याचा आधार. वाद पेटला कारण मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात मृतांसाठी प्रार्थना आहे, आणि शुद्धिस्थानाच्या (मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होतात त्या अवस्थेच्या) शिकवणीला कॅथलिक तिथलाच दाखला देतात. शास्त्राची यादी चर्च ठरवते, की चर्च फक्त ती ओळखते, या प्रश्नावर दोन्ही बाजू अजून जिथल्या तिथे आहेत.

प्रश्न : तारण विश्वासाने की कर्माने, हे भांडण अजून चालू आहे का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : पूर्वीसारखे नाही. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या : माणूस देवाच्या कृपेनेच नीतिमान ठरतो, स्वतःच्या पुण्याईने नव्हे. मेथडिस्ट हा आणखी एक प्रॉटेस्टंट पंथ 2006 मध्ये तिला जोडला गेला. आमच्या मते आता खरा पेच शेवटचा शब्द कोणाचा, हा आहे.

प्रश्न : पोप चुकत नाहीत म्हणजे पाप करत नाहीत? मग आर्चबिशपांचे पत्रही अचूक मानायचे का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : नाही, पोपही कन्फेशनला म्हणजे पापांची कबुली द्यायला जातात. पहिल्या व्हॅटिकन परिषदेच्या 18 जुलै 1870 च्या ठरावाप्रमाणे अचूकता आहे ती पोपपदाच्या पूर्ण अधिकाराने, श्रद्धा व नीतीबद्दल, साऱ्या चर्चवर बंधनकारक म्हणून केलेल्या घोषणेला. त्यानंतर अशी घोषणा एकदाच झाली, 1950 मध्ये, मरियेच्या स्वर्गारोहणाची. प्रॉटेस्टंटांचा आक्षेप किती वेळा झाली यावर नसून, शास्त्रावर असा शिक्का मारणारी कोणतीही गादी असावी का, यावर आहे. सीएनआयमध्ये मोठे निर्णय सिनॉड म्हणजे चर्चची सर्वोच्च सभा घेते. तिथे बिशपांबरोबर पाळक आणि सामान्य सभासदही मत देतात. आर्चबिशपांच्या पत्राला कॅथलिक मान देतो, पण ते या अचूकतेत मोडत नाही.