भट्टीच्या उष्णतेने आतडं बिघडतं का?

प्रश्न: नमस्कार. माझा मुलगा २६ वर्षांचा, पीएचडी करतो, रोज डोंबिवलीहून पवईला जातो. तिथे सेमीकंडक्टरचे क्रिस्टल वाढवायची भट्टी आहे, दिवस दिवस तिच्यासमोर असतो. गेल्या वर्षी शौचातून रक्त जायला लागलं, डॉक्टर म्हणाले अल्सरेटिव्ह कोलायटिस. स्टिरॉइडने बरं वाटलं, बंद केलं की परत सुरू. आता म्हणतात बायोलॉजिक इंजेक्शन घ्या आणि आधी टीबीची टेस्ट करा. आमच्या घरात कोणालाच टीबी नाही हो! सासूबाई म्हणतात भट्टीची उष्णता बाधली, सब्जा आणि काढा द्या. काय करू? — एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, आधी भट्टीचं बोलू, कारण तुमचा जीव तिथेच अडकलाय. सेमीकंडक्टरसाठी लागणारं सिलिकॉन १४१४ अंशाला वितळतं, पण ती उष्णता बंद चेंबरच्या आत असते आणि बाहेरची भिंत पाण्याने थंड ठेवलेली असते. कोलायटिस त्याने होत नाही. या आजारात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, म्हणून सूज, जखमा, रक्त. सब्जा पोटाला थंड वाटेल, पण ही सूज त्याने उतरत नाही. आणि काढ्यात काय काय आहे ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊच नका.

स्टिरॉइडचं तुम्ही लिहिलंत तसंच होतं बघा. १९५५ साली इंग्लंडमधे ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी कॉर्टिसोन या स्टिरॉइडची ट्रायल केली, त्यात भडका विझतो हे दिसलं, पण आजार कायम शांत ठेवायचं काम स्टिरॉइड करत नाही आणि वर्षानुवर्षं घेतलं तर हाडं, साखर, डोळे सगळ्यावर परिणाम. म्हणूनच पुढची औषधं शोधली गेली. तुम्हाला सांगितलेल्या बायोलॉजिक प्रकारातलं एक औषध म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब, ते १९९८ मधे अमेरिकेत आधी क्रोन्ससाठी (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) मंजूर झालं, कोलायटिससाठी २००५ मधे. ते टीएनएफ नावाचं सूज पेटवणारं प्रोटीन पकडून ठेवतं. पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला, नंतर साधारण दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून.

आता टीबी. आपल्याकडे खूप जणांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात, माणूस ठणठणीत असतो, घरात कोणाला झालेला नसतो. त्या जंतूंना कोंडून ठेवायचं कामही हेच टीएनएफ करतं, औषधाने ते अडवलं की जंतू जागे होऊ शकतात. म्हणून एक्स-रे आणि मॅन्टू (हातावर टोचून करतात ती टेस्ट) किंवा रक्ताची टेस्ट आधी, त्यात कमीपणा कसला! झोपलेला टीबी निघालाच तर आधी त्याची औषधं सुरू करतात आणि मग इंजेक्शन. शिवाय मुख्यतः आतड्यावरच काम करणारं व्हेडोलिझुमॅब आहे, गोळीच्या रूपातलं टोफासिटिनिब आहे, त्यातलं याला काय चालेल ते डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. डोकेदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने देऊ नका, त्याने आजार परत भडकू शकतो.

आणि तुमचा मुलगा तिथे काय करतो ते खरंच समजून घ्या. पाकात दोरा सोडून खडीसाखर करतात ना, तसंच काहीसं, फक्त दोऱ्यावरचे खडे सुटे सुटे असतात आणि याला अख्खा एकच क्रिस्टल हवा असतो. १९१६ मधे चोख्राल्स्की या पोलिश माणसाने शोधलेली पद्धत आहे, वितळलेल्या रसाला छोटा बीज-क्रिस्टल टेकवायचा आणि फिरवत फिरवत वर ओढायचा, मिनिटाला जेमतेम मिलिमीटरभर, घाई केली की बिघडलाच. म्हणजे ओढणं सुरू झालं की भट्टी सोडून जाता येत नाही, आणि कोलायटिसवाल्याला तर अचानक पळावंच लागतं. माझ्या मते त्याला खरा त्रास इथे होत असणार आणि संकोचाने तो बोलत नसणार. गाईडला आजार सांगू दे, भट्टीवर दुसरा जोडीदार मागू दे. लोकलमधे टॉयलेट नसतं म्हणून फास्टपेक्षा स्लो बरी, तशीही पवईसाठी उतरायच्या कांजूरमार्गला स्लोच थांबते आणि वाटेत कुठेही उतरता येतं. टीबीची टेस्ट मात्र याच आठवड्यात करून घ्या.