जावे की राहावे : मिरजेच्या सिस्टरला आणि साताऱ्याच्या गुरुजींना

प्रश्न : मी मिरजेतील एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात नऊ वर्षे स्टाफ नर्स म्हणून काम करीत आहे. शिक्षण जी.एन.एम. (परिचारिकेची पदविका), वय ३२. पती कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहेत. मुलगी साडेचार वर्षांची आहे. घरी ६७ वर्षांच्या सासूबाई असून त्यांना मधुमेह आहे. तासगावजवळ आमची दीड एकर द्राक्षबाग आहे, ती चुलतदीर वाट्याने करतात. एका एजंटाने जर्मनीतील रुग्णालयात नोकरी लावून देतो असे सांगितले असून तो साडेतीन लाख रुपये मागत आहे. चार महिन्यांत जर्मन भाषा येते, असे त्याचे म्हणणे आहे. माझ्याबरोबरच्या दोन मुली तिकडे गेल्या. एक आनंदात आहे, दुसरी फोनवर रडते. पती म्हणतात, तू म्हणशील तर येईन, पण तिथे मी काय करणार? सासूबाई काही बोलत नाहीत. मुलीला दोन वर्षे त्यांच्याजवळ ठेवून मी आधी एकटीने जावे का, की हा विचारच सोडून द्यावा?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, तातडीची गोष्ट आधी सांगते. या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असावी लागते, आणि सध्याच्या नियमांनुसार त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात. नोंदणी आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. शिवाय जर्मनीत परिचारिकांची टंचाई एवढी आहे, की भाषेचे वर्ग, कागदपत्रांचे भाषांतर आणि विमानाचे तिकीट यांचा खर्च नोकरी देणाऱ्या रुग्णालयाने उचलणे हीच तेथील चांगल्या भरतीची रीत मानली जाते. केरळच्या परिचारिका डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या करारानुसार सरकारी मार्गाने तिकडे जात आहेत. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आहे. त्या कराराखाली आज तुमच्या जिल्ह्यात काय चालू आहे, याची चौकशी सांगलीच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन करा. ज्या कागदावर सही करायची तो मात्र आधी पूर्ण वाचून घ्या, कारण नोकरी मुदतीआधी सोडल्यास काही हजार युरो परत करण्याची अट अशा करारांत पुष्कळदा शेवटच्या पानावर असते.

चार महिन्यांत भाषा येते, हे तर सर्वांत घातक आश्वासन आहे. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी साधारणपणे बी-टू पातळीची जर्मन यावी लागते. ए-वन, ए-टू, बी-वन आणि मग बी-टू अशा या चार पायऱ्या असून, नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्या व्यक्तीला त्या चढायला वर्ष-दीड वर्ष सहज लागते. मी स्वतः स्टुटगार्टमध्ये अकरा वर्षे राहून परत आले आहे. पतीच्या नोकरीमुळे गेले होते आणि पहिली दोन वर्षे मला भाषा येत नव्हती. माहेरी जिला गप्प बस म्हणून सांगावे लागे, ती मी दुकानात, दवाखान्यात, मुलाच्या बालवाडीत खाली मान घालून उभी राहत असे. तुमच्यावर तर त्याहून मोठी जबाबदारी असेल. रात्री दोन वाजता एखाद्या आजोबांच्या छातीत कळ येते आणि ते आपल्या गावच्या बोलीत काही पुटपुटतात, तेव्हा ते समजलेच पाहिजे. तुमची जी मैत्रीण फोनवर रडते, तिला नेमके कशाने रडू येते ते एकदा शांतपणे विचारा. भाषेने, कामाने की एकटेपणाने, हे कळले तर माझ्या दहा पानांच्या उत्तरापेक्षा ते तुमच्या अधिक उपयोगी पडेल.

कामाविषयीही एक गोष्ट आपल्याकडे कोणी मोकळेपणाने सांगत नाही. अतिदक्षता विभागात नऊ वर्षे काढलेल्या तुमच्यासारख्या सिस्टरच्या हातात जे कौशल्य आहे, त्यातील काही कामे तेथील अनेक रुग्णालयांत डॉक्टर करतात. उलट रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे, कपडे बदलणे ही आपल्याकडे नातेवाइकांनी, आयाबाईंनी किंवा वॉर्डबॉयने करायची कामे तेथे परिचारिकेच्या कामाचा गाभाच समजली जातात. त्यात कमीपणा काहीच नाही, पण हे आधी माहीत नसले तर मन मोडते. त्यातच तुमचे जी.एन.एम. तेथील शिक्षणाशी ताडून पाहिले जाते, त्यात काय कमी पडते ते लेखी कळवले जाते आणि मग एक तर काही महिन्यांचे पूरक प्रशिक्षण किंवा तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा, यांपैकी एक पूर्ण करावे लागते. तोपर्यंत साहाय्यक म्हणून कमी पगारावर काम करायचे असते. मान्यता मिळाल्यावर सार्वजनिक रुग्णालयात महिन्याला ३,००० युरोंच्या वर वेतन मिळते, परंतु एजंट सांगतो तो आकडा कापण्यापूर्वीचा असतो. कर, निवृत्तिवेतन, आरोग्यविमा, बेरोजगारी विमा यांपोटी एकट्या व्यक्तीच्या पगारातून साधारण तिसरा हिस्सा जातो आणि उरलेल्यातून घरभाडे द्यायचे असते. त्या कपातीच्या बदल्यात आजारपणात आणि म्हातारपणी आधार मिळतो, म्हणून ती वाया गेली असे समजू नका. घरी पाठवण्याच्या रकमेचा हिशेब मात्र हातात पडणाऱ्या पैशावरच करा.

आता मुलीबद्दल. तिला दोन वर्षे मागे ठेवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. साडेचार वर्षांच्या मुलीला दोन वर्षे म्हणजे तिच्या आठवणीतले जवळजवळ सगळे आयुष्य असते. तुम्ही विचारलेल्या प्रश्नांपैकी एवढ्या एकाच प्रश्नावर मी कोणतीही सवलत देणार नाही. याला व्यावहारिक कारणही आहे. जर्मनीत मूल साधारण सहाव्या वर्षी पहिलीत जाते आणि बहुतेक राज्यांत चौथीनंतर ते कोणत्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जाणार हे ठरते. सहाव्या-सातव्या वर्षी पोहोचलेले मूल मैदानावर खेळता खेळता भाषा उचलते, त्याला ही वाट अवघड जात नाही. भाषा शिकण्याचे वर्ष-दीड वर्ष आणि त्यावर ही दोन वर्षे धरली, तर तुमची मुलगी तिथे पोहोचेपर्यंत आठ वर्षांची होत येईल, आणि नवव्या वर्षी पोहोचलेल्या हुशार मुलीला मात्र केवळ भाषेपायी मागे बसावे लागते. म्हणून तुम्ही एकटीने आधी जायचेच ठरवले, तर ती मुदत सहा-आठ महिन्यांची असू द्या, आणि करार करण्यापूर्वीच कुटुंबाला केव्हा व कसे आणता येईल, राहायला जागा कोण बघून देईल, हे रुग्णालयाला लेखी विचारा. कुटुंबाच्या परवान्यासाठी पुरेसे उत्पन्न दाखवावे लागते, आणि मोठ्या शहरांत भाड्याचे घर मिळणे हे नोकरी मिळण्याहून कठीण होऊन बसले आहे. लहान गावातील रुग्णालय मिळाले तर नाक मुरडू नका.

पतींनी विचारलेला प्रश्न रास्त आहे. तुमच्याबरोबर पती म्हणून मिळणाऱ्या वास्तव्य परवान्यावर त्यांना काम करण्याची मुभा असते आणि इलेक्ट्रिशियनला तेथे मागणीही आहे. अडते ते भाषेपाशी. यासाठीच माझी सूचना अशी आहे, की भाषेच्या वर्गात तुम्ही दोघांनी एकदमच नाव घालावे. आठवड्यातून चार संध्याकाळी एका टेबलाशी बसून एकच धडा गिरवताना दोघांना जे कळेल, ते या विषयावर वर्षभर केलेल्या चर्चेतून कळणार नाही. बी-वन होईपर्यंत नोकरी सोडू नका, कर्ज काढू नका, नातेवाइकांना सांगत सुटू नका. तोवर दोघांपैकी एकाचेही मन उठले, तर गेलेली किंमत वर्गाची फी एवढीच असेल.

आणि सासूबाई. ‘त्या काही बोलत नाहीत’ या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. आपल्याकडच्या त्या पिढीतील बायका संमती असली तरी गप्प बसतात आणि जीव तुटत असला तरी गप्पच बसतात. त्यांना निर्णय सांगायला जाऊ नका. विचारायला जा, तेही पतींनी एकट्याने जाऊ द्या. १ मार्च २०२४ नंतर परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडील किंवा सासूसासरे यांना आणण्याची सोय तेथील कायद्यात आहे, पण त्यांच्या निर्वाहाची आणि आरोग्यविम्याची व्यवस्था आपण करायची असते, आणि मधुमेह असलेल्या, सत्तरीकडे आलेल्या व्यक्तीचा विमा मिळवणे अतिशय अवघड जाते. म्हणून त्या इथेच राहणार असे धरून चाला आणि नावानिशी लिहून काढा : साखर कोण तपासेल, रात्री बरे वाटेनासे झाले तर रिक्षा कोण आणेल, दिवाळीला घरी कोण असेल. ‘सगळे आहेत की’ हे उत्तर मानू नका. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. तुमची रात्रपाळी संपते तेव्हा इथे त्यांच्या दुपारच्या जेवणाची वेळ होत आलेली असते, तो फोनचा वेळ आजच ठरवता येईल. नावे लिहिता आली नाहीत, तर माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही जाणे लांबणीवर टाकणे योग्य ठरेल.

जायचे तर मागचे सगळे तोडून जावे, म्हणजे पाय मागे येत नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यासाठी सूर्याजींनी कड्यावरचे दोर कापल्याचा दाखलाही देतात. तिथे एका रात्रीत गड घ्यायचा होता. तुम्हाला दहा-वीस वर्षे संसार चालवायचा आहे, तेव्हा तुमचे दोर शाबूत राहू द्या. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नका. बाग विकू नका; परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण आहे ती ठेवता येते आणि वारशाने आलेलीही घेता येते. तेथील निवृत्तिवेतनासाठी पाच वर्षांची वर्गणी लागते, तथापि भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू असल्यामुळे दोन्हीकडचा काळ जोडून धरता येतो. म्हणून निघण्याच्या गडबडीत इथल्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे घाईने काढू नका. नागरिकत्वाचा विचार तर आज मनातही आणू नका. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली असली, तरी आपल्या कायद्यात ते बसत नाही आणि परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय पासपोर्ट ठेवूनही तेथे कायमचे राहण्याचा परवाना मिळू शकतो. कुशल कामगाराला तो तीन वर्षांनंतर मागता येतो.

मला विचाराल, तर तुमच्या वयाला, कामाला आणि मुलीच्या वयाला हे जाणे अजून जुळणारे आहे, आणि नऊ वर्षे अतिदक्षता विभागात उभ्या राहिलेल्या बाईला काम जड जाईल असे मला वाटत नाही. जड जाईल तो डिसेंबर. आठ वाजून गेल्यावर उजाडते, साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकाने बंद असतात. पहिल्या हिवाळ्यात घरचा कोणीतरी बरोबर असेल, अशाच बेताने तारीख ठरवा.

प्रश्न : मी साताऱ्याचा निवृत्त शिक्षक आहे, वय ६८, पत्नी ६३. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला असून आम्हा दोघांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करू म्हणतो. नातवंडांची ओढ आहे. घर आणि माणसे सोडवत नाहीत. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गुरुजी, एकवीस वर्षांवरील अमेरिकी नागरिकाला आईवडिलांसाठी अर्ज करता येतो आणि त्या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नसते, त्यामुळे इतर नात्यांप्रमाणे वर्षानुवर्षे रांगेत राहावे लागत नाही. म्हणजेच आज अर्ज केला नाही म्हणून संधी हातची जाते, असे नाही.

ग्रीन कार्ड म्हणजे येण्याजाण्याचा पास, असा आपल्याकडे समज आहे. ते प्रत्यक्षात तेथे वास्तव्य करणाऱ्यासाठी असते. वर्षातले दोन महिने तिकडे आणि बाकीचे साताऱ्यात, असे करणाऱ्याला विमानतळावर कधीतरी अवघड प्रश्न विचारले जातात. खरा घोर आहे तो औषधपाण्याचा. तेथे नोकरी न केलेल्या व्यक्तीला मेडिकेअर ही वृद्धांची सरकारी आरोग्यविमा योजना हप्ता भरून घेता येते, पण त्यासाठी वय पासष्ट पूर्ण असावे लागते आणि कायम रहिवासी म्हणून सलग पाच वर्षे तेथे काढलेली असावी लागतात. वहिनींना आज ६३ वर्षे आहेत आणि तुम्हाला ६८. म्हणजे उद्या गेलात तरी त्या ६८ च्या आणि तुम्ही ७३ चे होईपर्यंत दोघांचा विमा बाजारातून घ्यावा लागेल. मुलाला त्या विम्याची वार्षिक रक्कम काढायला सांगा आणि ती कोण भरणार हे संकोच न करता त्याला विचारा. तुमच्या निर्वाहाची हमी त्याला तशीही कायदेशीर प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागणार आहे, तेव्हा त्या बोलण्यात वावगे काहीच नाही.

तोपर्यंत पर्यटक व्हिसावर जा. एका खेपेला साधारण सहा महिने राहू देतात. एकदा तरी नोव्हेंबरात जाऊन मार्च संपेपर्यंत राहून या, कारण उन्हाळ्यात गेलेल्या आईवडिलांना मुलाच्या घरचे खरे दिवस दिसत नाहीत. सकाळी सगळे बाहेर पडल्यावर संध्याकाळी सहापर्यंत तुम्ही दोघे काय करता, गाडीशिवाय कुठवर चालत जाता येते, वहिनींना बोलायला कोणी भेटते का, हे तिथे रोज एका वहीत लिहून ठेवा. परत आल्यावर दोघांनी ती वही वाचा, आणि मगच मुलाला अर्जाविषयी कळवा.