आशाताईंची भेट कशासाठी?

प्रश्न : सुनेची प्रसूती रुग्णालयात सुखरूप झाली. तरीही आशाताई वारंवार घरी येऊन बाळाला तपासतात. याची खरोखर आवश्यकता आहे का?

उत्तर : निश्चितच आहे. नवजात बालकांचे बहुतांश मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात आणि रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतर बाळ घरीच असते. म्हणूनच आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. या पद्धतीचा पाया गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घातला. तेथे प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरोघरी केलेल्या देखभालीमुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

बाळ शांत असताना आशाताई पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. ते ६० किंवा अधिक भरल्यास, छाती आत ओढली जात असल्यास, अंग गार पडल्यास वा बाळाने अंगावर पिणे सोडल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. बाळाच्या कौतुकात बाळंतिणीकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. तिला ताप, अतिरक्तस्राव किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असल्यास तेही आशाताईंना संकोच न करता सांगावे.