मूत्रसंस्थेच्या वैद्यकीय संज्ञा लक्षात कशा ठेवायच्या? मराठी शब्द पाठ करावेत की थेट इंग्रजी?

प्रश्न विचारणारी मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, शाळा मराठीतून झालीये आणि आता नेफ्रो, सिस्टो, अमुकयुरिया, तमुकयुरिया सगळ्याची डोक्यात खिचडी होतेय म्हणते. खाली एका सद्गृहस्थांनी दोन ओळींत निकाल लावून टाकलाय की मराठीचा ह्यात काडीचा उपयोग नाही, सरळ इंग्रजी घोका. हे वाक्य मी २०११ पासून माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. इंदूरला एका सोनोग्राफी सेंटरवर रिपोर्ट टाइप करते, २००७ पासून. सर मशीनवर बसून बोलतात, मी टाइप करते. 'बोथ किडनीज आर नॉर्मल इन साइज, शेप अँड एकोटेक्स्चर' हे वाक्य माझी बोटं झोपेतही मारतील. स्पेलिंगला मी पहिल्यापासून पक्की. हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस न अडखळता टाइप करायचे आणि घरी येऊन बाबांना सांगायचे, आज एकवीस अक्षरांचा शब्द मारला. बाबा गणिताचे रिटायर मास्तर, ते मोजून बघायचे, बरोबर एकवीस. अर्थ त्यांनीही विचारला नाही आणि मलाही कधी विचारावासा वाटला नाही.

जानेवारी २०११ मध्ये बाबांना सर्दी झाली. ७४ वर्षांचे होते तेव्हा. मेडिकलवरून सर्दीच्या गोळ्या आणल्या आणि दोन दिवस घेतल्या. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेल्या माणसाला ह्या गोळ्यांनी लघवी अडू शकते, नाक मोकळं करणारं औषध मूत्राशयाचं तोंड आवळून धरतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी दुपारपासून लघवी नाही, रात्री दहाला कळा सुरू झाल्या, बाबा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभे राहतायत, घामानं बनियन भिजलंय, बाहेर कडाक्याची थंडी. आई म्हणाली, "अगं लघवी तुंबलीये ह्यांची, पोट बघ कसं झालंय." मी आईकडे लक्षच दिलं नाही. मी पुण्याला दादाला फोन लावला. दादा इंजिनिअर आणि आमच्या घरचं हायकोर्ट. तो म्हणाला, "थेंबही नाही? मग हा एन्युरिया झाला, किडनी बंद पडली, ताबडतोब ॲडमिट कर आणि तिथं तुंबली-बिंबली असलं गावंढळ बोलू नकोस, शब्द नीट वापर."

एन्युरिया मला स्पेलिंगसकट येत होता ना! जवळच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो, ड्यूटीवर कोवळा डॉक्टर, त्याला मी ऐटीत सांगितलं, "सर, एन्युरिया है, पेशाब बन ही नहीं रहा." तो शब्द ऐकून त्याला वाटलं बाई मेडिकल लाइनमधली आहे, हिला कळत असेल. त्यानं रक्त पाठवलं, सलाईन लावलं आणि लॅसिक्सचं इंजेक्शन दिलं, म्हणजे लघवी वाढवायचं औषध. ज्या माणसाची भरलेली पिशवी फुटायला आलीये त्याला वरून अजून पाणी! बाबा कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन ओरडत होते, आयुष्यात मी त्यांना मोठ्यानं बोललेलंही फारसं ऐकलं नव्हतं. तेवढ्यात रिपोर्ट आला, क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारा रक्तातला आकडा) २.१, असायला हवं १.३च्या आत. दादा फोनवर म्हणतो, "बघ, म्हटलं नव्हतं?"

असे दोन तास गेले. मग आईनं काय केलं तर रात्रपाळीच्या वयस्कर सिस्टरला हाताला धरून आणलं आणि तिच्या त्या खास रामबागी, म्हणजे इंदूरच्या मराठी वस्तीतल्या हिंदीत म्हणाली, "सिस्टर, पेशाब बन रहा है, तुंब गया है, इधर हाथ लगाओ." तुंबणं हिंदीत नाहीच, पण सिस्टरनं हात लावला. ओटीपोटापासून बेंबीपर्यंत उपडं मडकं ठेवल्यासारखं टणक. ती डॉक्टरला काहीतरी पुटपुटली, दहा मिनिटांत १६ नंबरची फोलीज नळी घातली आणि पिशवीत १२०० मिली लघवी आली. साधारण मूत्राशयात ४०० ते ५०० मिली मावते. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "चहा मिळेल का?"

(नळीचा नंबर म्हणजे काय ते तुला वॉर्डात कोणी सांगेल न सांगेल, म्हणून लिहिते. नंबराला तीननं भागलं की मिलिमीटरमध्ये जाडी येते, १६ नंबर म्हणजे साधारण ५.३ मिमी. हे मला बाबांनीच सांगितलं, नळी लावलेली असताना, पाकिटावर दोन्ही आकडे वाचून आणि भागाकार करून.)

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी आमच्याच सेंटरवर. सर बोलतायत, मी टाइप करतेय, प्रोस्टॅटोमेगॅली म्हणजे वाढलेलं प्रोस्टेट, बायलॅटरल माइल्ड हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस, आणि माझी बोटं थांबली. चार वर्षांत पहिल्यांदा मी सरांना विचारलं की ह्याचा अर्थ काय. सर म्हणाले, "मॅडम, आपके नल में पानी नहीं आ रहा, तो दो बातें हो सकती हैं. या तो नर्मदा ही नहीं आई, या टंकी भरी है और वाल्व अटक गया." इंदूरच्या बाईला ह्याहून सोपं कोण सांगणार, आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी, तेही एक दिवसाआड येतं, नर्मदा आली का हा आमचा रोजचा प्रश्न. नर्मदाच आली नाही म्हणजे एन्युरिया, मूत्रपिंडात लघवी तयारच होत नाही, दिवसाला १०० मिलीच्या खाली. वाल्व अटकला म्हणजे रिटेन्शन, लघवी तयार होतेय पण उतरत नाही. आणि टाकी ओसंडून पाणी उलटं पाइपात चढलं की हायड्रो म्हणजे पाणी, युरेटर म्हणजे वरून येणारा पाइप, नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, सगळं फुगलं. एकवीस अक्षरांत एवढंच होतं, आणि आईनं ते एका शब्दात सांगितलं होतं. तुंबली.

तर पोरी, माझं मत हे की शब्द पाठ कर पण त्याच्या शेजारी घरातलं वाक्य लिही, पुस्तकातला प्रतिशब्द नको. डिसयुरिया म्हणजे 'मूत्रकृच्छ्र' लिहून तुला काय कळणार, त्यापेक्षा आजी म्हणते ती 'उन्हाळी लागली', जळजळ होते आणि थेंब थेंब होते. नॉक्टुरिया म्हणजे रात्री उठावं लागतं. ऑलिगुरिया म्हणजे कमी होते, मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलीच्या आत. पॉलियुरिया म्हणजे खूप होते, तीन लिटरच्या वर. हिमॅचुरिया म्हणजे रक्त जातं. पेशंट तुझ्यासमोर येऊन डिसयुरिया म्हणणार नाहीये, तो म्हणणार "धार बारीक झालीये", "कळ येते पण होत नाही", आणि तुला ते ऐकून चार्टवर बरोबर शब्द लिहायचाय. उलटं नाही.

२०२२ मध्ये, १६ ऑक्टोबरला भोपाळला एमबीबीएसची हिंदी पुस्तकं निघाली तेव्हा दादानं मुद्दाम फोन करून हसून घेतलं, म्हणे आता तुमच्याकडे वृक्क फेल होणार. मी म्हटलं दादा, महाराष्ट्राच्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातही वृक्कच आहे, तुझ्याच मुलानं घोकलंय. पेशंट किडनी म्हणतो, आमच्या इथला गुर्दा म्हणतो, आणि इंग्रजीत तरी कुठे एकच शब्द आहे? ग्रीकमधून नेफ्रो, लॅटिनमधून रीनल, अवयव तोच. नेफ्रॉलॉजिस्ट आणि रीनल फेल्युअर हे एकाच गोष्टीबद्दल आहेत हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. (नेफ्रॉलॉजिस्ट औषधांवर चालणारा, युरॉलॉजिस्ट ऑपरेशन करणारा, हेही लोकांना ठाऊक नसतं आणि मग चुकीच्या ओपीडीत अर्धा दिवस जातो.)

सगळ्यात घातकी जोडी युरेटर आणि युरेथ्रा. वरून येणारे दोन युरेटर, २५ ते ३० सेंमी लांब, मूत्रपिंडातून मूत्राशयात. खाली बाहेर जाणारा एकच युरेथ्रा, बाईचा ४ सेंमी, पुरुषाचा २०च्या आसपास, बायकांना इन्फेक्शन जास्त होतं त्याचं एक मोठं कारण हेच. मी एकदा युरेटरिकच्या जागी युरेथ्रल कॅल्क्युलस टाइप केलं होतं, खडा एका फटक्यात वरून खाली आणला, सरांनी सही करताना पकडलं म्हणून वाचले. इथं मात्र मराठी शब्द खरंच चांगले आहेत, वाहिनी आणि मार्ग. मूत्रवाहिनी आत वाहून आणते, मूत्रमार्ग बाहेर जायचा. बाबांचं पुढे मार्चमध्ये टीयूआरपी, म्हणजे प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, त्यातला टीयू म्हणजे ट्रान्सयुरेथ्रल, खालच्या रस्त्यानं आत जाऊन केलेलं. तेव्हापासून माझा घोळ झालेला नाही.

त्याआधी सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघणं, सांगितली तेव्हा आई रात्रभर रडली, तिला वाटलं सिस्ट म्हणजे गाठ, आणि गाठ म्हणजे तेच. मुळात त्या ग्रीक शब्दाचा अर्थ पिशवी, गाठीची पिशवी तीही सिस्ट आणि मूत्राशयाची पिशवी तीही सिस्ट. मूत्राशयाला सूज आली की सिस्टायटिस. हे समजावायला पाच मिनिटं लागली असती, कोणी दिली नाहीत.

बाबांच्या रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ होती, डाव्या मूत्रपिंडात ४ एमएमचा कॅल्क्युलस. बाबा खूश! म्हणाले चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यात घालायचा प्रयत्न केला, शेवटी आपल्याच आत जाऊन बसला. लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे बारीक खडा, रोमन लोक खडे मांडून हिशेब करायचे म्हणून गणितालाही तेच नाव पडलं. आपला मुतखडा हा शब्द किती चोख आहे बघ, पण चारचौघांत म्हणायची लाज, त्यात मूत आहे ना. मूत्र म्हटलं की सोवळं, मूत म्हटलं की ओवळं. शिकलेले लोक स्टोन म्हणतात, जसं काही घराच्या पायाला लागणारा दगड.

आता थोडं दादाच्या बाजूनं, नाहीतर म्हणेल एकतर्फी लिहिलं. क्रिएटिनिन खरंच वाढलं होतं, कारण तुंबलेलं पाणी मागे दाबतं तेव्हा मूत्रपिंडालाही इजा होते, म्हणजे किडनीवर परिणाम झाला होता हे त्याचं अर्धं बरोबर. आठवड्याभरात ते १.१ वर आलं. त्या डॉक्टरचंही म्हणायचं तर मी जे सांगितलं त्यावर त्यानं विश्वास ठेवला, फक्त पोटाला हात लावायला हवा होता. लॅसिक्स वाईट औषध नाही. आणि हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी लघवी बंद झाली असेल तर एन्युरिया का रिटेन्शन हा वाद घालत बसू नका, दोन्हीत लगेच दवाखाना गाठायचा असतो. इंग्रजी शब्दही लागतातच, परीक्षा त्यातच आहे, मी नाही म्हणत नाही.

दादा आता साठीच्या पुढे गेलाय. मागच्या महिन्यात फोनवर सहज बोलल्यासारखं म्हणाला की हल्ली रात्री चार वेळा उठावं लागतं. मी म्हटलं नॉक्टुरिया. म्हणाला हो हो तेच. मग विचारलं, धार कशी आहे? थांबून थांबून होते का? जोर लावावा लागतो का? दादा म्हणाला, नेटवर्क नाहीये, नंतर बोलू. प्रोस्टेटसाठी डॉक्टर सात प्रश्नांचा तक्ता भरून घेतात, प्रत्येकाला शून्य ते पाच, एकूण ३५, तो मी मराठीत लिहून त्याला व्हॉट्सॲप केलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.