झेडपीत ठराव झाला, मग रस्ता का होत नाही?

सर्वसाधारण सभेत ठराव झाला म्हणजे पैसे मिळाले, असं नसतं. आधी रस्ता कोणाचा ते बघा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग (ग्रामा, इजिमा) जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा, तिथे झेडपीचा ठराव फक्त शिफारस ठरतो.

रस्ता झेडपीचाच असेल तर निधी बहुधा जिल्हा नियोजन समितीकडून येतो, आणि त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. त्यानंतर प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला मंजुरी), तांत्रिक मान्यता (आराखडा व अंदाजपत्रकाला मंजुरी), निविदा, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश). मधेच आचारसंहिता लागली की नवा कार्यारंभ आदेश निघत नाही.

फाइल सर्वात जास्त अडते ती रस्ता क्रमांकावर. गावात सगळे 'मळ्याचा रस्ता' म्हणतात, पण रस्ते विकास योजनेत त्याची नोंदच नसते. मग हेड, म्हणजे खर्च ज्या खात्यातून करायचा ते लेखाशीर्ष, मिळत नाही. वनजमीन लागली तर आणखी वेगळा खेटा.

म्हणून 'काम कधी होणार' असं विचारू नका, त्याला 'कार्यवाही सुरू आहे' एवढंच उत्तर मिळतं. कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात माहिती अधिकारात तीनच गोष्टी मागा: रस्ता क्रमांक, प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व दिनांक, लेखाशीर्ष. दुसरी नसेल, तर काम अजून कागदावरही नाही.