संगणक कट्टा : विचारलं तर उलट प्रश्नच विचारतात

प्रश्न : मी ठाण्याला नौपाड्यात राहते, बरीच वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. लॅपटॉप २०१६ चा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्यावर चढत नाही म्हणून भाच्याने दिवाळीत येऊन विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही फुकटची सिस्टिम टाकून दिली. मला आवडलंय, पत्रं, यूट्यूब, बँक सगळं होतं, फक्त मागच्या महिन्यात अपडेट केल्यापासून वायफाय मधेच तुटतं. भाचा बंगलोरला असतो, त्याने मला लिनक्सवाल्यांच्या एका ग्रुपमधे घातलं. मी लिहिलं, "वायफाय चालत नाही, अर्जंट, कृपया मदत करा." दोन तास सगळे गप्प. मग एकाने इंग्रजीत लिहिलं, व्हर्जन कुठलं, चिप कुठली, लॉग कुठे. बस. ना नमस्कार ना काही. मला इतका अपमान वाटला की मी ग्रुपच सोडला. फुकटची मदत अशीच असते का? त्यापेक्षा पैसे देऊन माणूस बोलवू का?

उत्तर : बाई, आधी तुमचं वायफाय बघू, मनाला लागलंय त्याबद्दल मग बोलतो.

तुम्ही मला लिहिलंत "अपडेट केल्यापासून". हे दोन शब्द तुमच्या ग्रुपवरच्या मेसेजमधे नव्हते आणि सगळी मेख तिथेच आहे. अपडेटमधे कधीकधी कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभाच नवीन येतो, वायफायचा ड्रायव्हर म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम त्या कर्नलला बांधलेला असतो आणि एखाद्या चिपचं नव्या कर्नलशी पटत नाही. पण मागचा कर्नल लगेच पुसला जात नाही, तो मशीनवर असतोच. लॅपटॉप चालू करताना कंपनीचं नाव दिसलं की लगेच एस्केप एकदाच दाबा, त्याने नाही झालं तर पुढच्या वेळी शिफ्ट दाबून धरा, एक काळा मेनू येईल. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स मधे गेलात की कर्नलचे आकडे दिसतील, रिकव्हरी लिहिलेल्या ओळी सोडून द्या आणि आधीचा, म्हणजे लहान आकडा निवडा. तासभर वापरून बघा. वायफाय टिकलं तर दोष नव्या कर्नलचा, सध्या जुन्यावरच काम करा, काही बिघडत नाही. नाही टिकलं तर दुसरा संशय बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगवर, वायफाय पॉवरसेव्ह नावाचा एक आकडा ३ असतो तो २ केला की ती बचत बंद होते, पण तो आकडा ज्या फाइलीत असतो ती ॲडमिन म्हणून उघडावी लागते तेव्हा हे भाच्याला फोनवर घेऊन करा. तोपर्यंत नेट हवंच असेल तर मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलमधे यूएसबी टेदरिंग चालू करा, लगेच नेट येईल.

आता अपमान.

ज्याने ते तीन प्रश्न विचारले नं, त्या ग्रुपमधला तुमच्यासाठी थांबलेला तो एकटा माणूस होता. बाकीच्यांनी मेसेज वाचला असेल, यावर काय सांगणार म्हणून पुढे गेले असतील. तो थांबला. त्याने नमस्कार म्हणायला हवं होतं, हे मी शंभर टक्के मानतो, आणि पहिल्यांदा आलेल्या माणसाशी असं तोडून बोललं तर तो परत येत नाही हे आमच्यातल्या जुन्या लोकांना वारंवार सांगतोही. पण प्रश्न चुकीचे नव्हते. तुमच्या वर्गात एखादी मुलगी येऊन म्हणाली असेल, "बाई, गणित येत नाही," तर तुम्ही काय म्हणाला असाल? कुठलं गणित, वही दाखव, कुठपर्यंत आलीस. तेच तो विचारत होता. लॉग म्हणजे मशीनची वही.

आणि ती वही तुम्हाला फार सोपी दाखवता येते. मिंटच्या मेनूत सिस्टिम एवढं टाइप करा, सिस्टिम रिपोर्ट्स किंवा सिस्टिम इन्फर्मेशन असं काहीतरी दिसेल, ते उघडून आतली माहिती कॉपी करायची आणि मेसेजमधे पेस्ट करायची. चिप, कर्नल, व्हर्जन सगळं त्यात येतं. फक्त स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून पाठवू नका, फोटोतला आकडा समोरच्याला शोधता येत नाही, त्याला तो हाताने टाइप करत बसावं लागतं. आणि लिहा मराठीतच, असं काहीतरी :

"नमस्कार. लिनक्स मिंट २२, लॅपटॉप २०१६ चा. मागच्या महिन्यात अपडेट केल्यापासून वायफाय थोड्या थोड्या वेळाने तुटतं, रीस्टार्ट केलं की येतं. त्याच घरात मोबाइलवर नीट चालतं. जुन्या कर्नलने सुरू करून पाहिलं, काय झालं ते असं. मशीनची माहिती खाली देते. घाई नाही."

शेवटचे दोन शब्द मुद्दाम घातलेत. दोन तास कुणी बोललं नाही म्हणता, पण बाई ही माणसं ड्युटीवर नसतात. कुणी ठाणे-वाशी लोकलने महापेला कामाला निघालेलं असतं, कुणी पोराचा अभ्यास घेत असतं, रात्री जेवणं झाली की मोबाइल उघडतात तेव्हा तुमचा मेसेज दिसतो. इंग्रजीत विचारलंत तर जगभरातले लोक असतात, आपल्याकडे रात्रीचे ९ म्हणजे जर्मनीत संध्याकाळचे साडेचार नाहीतर साडेपाच. एक रात्र जाऊ द्यायची, मग नम्रपणे एकदा आठवण करायची.

विचारणं म्हणजे कमीपणा असं तर अजिबात मानू नका, लिनक्सची सुरुवातच एका विचारण्यातून झालीय. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्स नावाची सिस्टिम वापरणाऱ्या अनोळखी लोकांना लिहिलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं काय नाही ते सांगा. आणि त्या छोट्याशा मेसेजमधे त्याने आपली वही पण दाखवली होती, बॅश १.०८ आणि जीसीसी १.४० हे दोन प्रोग्राम चालवून बघितलेत, मशीन ३८६ प्रोसेसरवाल्या जातीचं, हार्ड डिस्क अमुक प्रकारचीच चालेल कारण माझ्याकडे तीच आहे. म्हणूनच लोकांना त्याला काय उत्तर द्यायचं ते कळलं.

पैसे देऊन माणूस बोलवायला काही हरकत नाही, त्याचं पण पोट आहे. फक्त काय होतं, त्याने केलेला इलाज त्याच्याकडेच राहतो. मी स्वतः एकदा प्रिंटरपायी चार रात्री जागलोय, वडिलांच्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका छापायच्या होत्या आणि लिनक्सवर तो प्रिंटर हलायला तयार नाही. शेवटी ब्राझीलमधल्या कुणीतरी त्याच मॉडेलचं सगळं क्रमाने लिहून ठेवलेलं सापडलं, पोर्तुगीजमधे. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण कमांड सगळीकडे त्याच, मशीनवर भाषांतर करून करून एकेक पायरी चढलो आणि पहाटे पान बाहेर आलं. तो माणूस कोण, कुठे, काही माहीत नाही. त्याचं काम त्याच्यापुरतं झालेलं होतं, तरी पुन्हा येऊन त्याने ते लिहिलं. मग मी तेच मराठीत लिहिलं. तुमच्याकडे मागणं काही असेल तर हेच, वायफाय सुटलं की ग्रुपमधे परत जा आणि "सुटलं" एवढंच न लिहिता कशाने सुटलं ते लिहा, कर्नलचा कुठला आकडा चालला, कुठला नाही. कळव्यात नाहीतर कराडमधे कुणाकडे तरी हाच लॅपटॉप असणार.

ठाण्याला हे काही नवीन नाही हो. वि. ल. भावे आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी १८९३ मधे इथे मराठी ग्रंथ संग्रहालय काढलं, तुम्ही तिथल्या सभासदही असाल कदाचित. एकाने वाचलेलं दुसऱ्याच्या हाती जावं, एवढंच त्यात होतं.

प्रश्न : दादा, मी कोपरखैरण्याला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स तीन वर्षं वापरतो, ग्रुपमधे जमेल तशी मदत करतो. मागच्या आठवड्यात एका काकांना पेनड्राइव्हवर आयएसओ, म्हणजे लिनक्स बसवायची फाइल, लिहायला डीडी कमांड दिली (ती आधीचं पुसून जशीच्या तशी फाइल लिहिते), त्यात कुठल्या डिस्कवर लिहायचं तिथे मी एसडीबी हे नाव लिहिलं कारण माझ्याकडे पेनड्राइव्ह एसडीबीच असतो. त्यांच्याकडे एसडीबी म्हणजे फोटोंची ५०० जीबीची बाहेरची हार्ड डिस्क निघाली. सगळं गेलं. ते काही बोलले नाहीत पण मला झोप लागत नाहीये. मी मदत करणं बंद करावं का?

उत्तर : अरे, हे पत्र वाचून मी बराच वेळ तसाच बसलो होतो. पण आधी कामाचं, कारण वेळ जातोय. त्या काकांना आत्ताच्या आत्ता फोन कर आणि सांग की त्या डिस्कवर काहीही कॉपी करू नका, फॉरमॅट करू नका, काढून बाजूला ठेवा. मिंटचा आयएसओ साधारण ३ जीबी असतो, म्हणजे डीडीने डिस्कचे सुरुवातीचे ३ जीबी पुसले, पुढच्या भागावर त्याने हातही लावलेला नाही. फाइलींची यादी गेली म्हणून डिस्क रिकामी दिसते, फोटो पुढे पडलेले असण्याची दाट शक्यता आहे. टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे गेलेलं शोधून देणारे दोन प्रोग्राम एकत्रच येतात, फुकट आहेत, आधी टेस्टडिस्कने जुनं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा आधीचा कप्पा, सापडतंय का बघ, नाही सापडलं तर फोटोरेक लाव. वाचवलेलं त्याच डिस्कवर लिहायचं नाही, दुसरी मोठी डिस्क लागेल. फोटोरेकने फोटो आले तरी त्यांची नावं आणि फोल्डर येत नाहीत, हे काकांना आधीच सांग. रात्रभर चालेल, चालू दे. आणि हे फोनवरून नको, स्वतः जा त्यांच्याकडे, जमलं तर एखाद्या अनुभवी माणसाला घेऊन जा.

दुसरं, जिथे ती कमांड दिलीस तिथेच लिही की ही चुकीची होती, का चुकीची होती, आणि कुणी वापरू नका. हे अवघड जातं, माहितीये. फेब्रुवारी २०१६ मधे खुद्द लिनक्स मिंटची साइट हॅक झाली होती, आयएसओची लिंक बदलून खोड घातलेल्या आयएसओकडे वळवली गेली, तेव्हा मिंट सुरू करणाऱ्या क्लेमेंट लफेव्हरने लगेच स्वतः जाहीरपणे सांगितलं की आमच्याकडे असं झालंय, २० फेब्रुवारीला कुणी डाउनलोड केलं असेल तर असं तपासा. लपवलं असतं तर कितीजण ते बसवत राहिले असते. तेव्हापासून आम्ही कुणालाही आयएसओ देताना चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का ते सांगणारा आकडा, तपासायला लावतो, तूही लाव.

मदत बंद करू नकोस. पद्धत बदल. पुसणारी कुठलीही कमांड देण्याआधी समोरच्याकडून एलएसबीएलके (lsblk) या कमांडचं आउटपुट मागून घे, त्यात प्रत्येक डिस्कचं नाव आणि साइज दिसतो, ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणि ५०० ची डिस्क लगेच वेगळी कळते. त्याहून बरं म्हणजे नवख्या माणसाला डीडी देऊच नकोस, मिंटमधे यूएसबी इमेज रायटर आहे, बटणावरचं काम. कमांड दिलीस तर प्रत्येक तुकडा काय करतो ते एका ओळीत लिही, लिहिता लिहिता तुलाच चूक दिसते, माझं असं पुष्कळदा झालंय. खात्री नसेल तर "मला खात्री नाही, कुणी जाणकार बघेल का" असं लिही. आणि बॅकअप आहे का, हा पहिला प्रश्न, नेहमी, न चुकता.

काकांकडे फोटो किती परत आले ते मला कळव, मनापासून वाट बघतोय.

प्रश्न : गोखले रोडला आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, सगळी जुनी कामं जुन्या मराठी फॉन्टमधे आहेत. लिनक्सवर जाऊ का?

उत्तर : सगळं एकदम नका हलवू. तुमचे जुने फॉन्ट लिनक्सवरही टाकता येतात, अक्षरं दिसतील, पण पेजमेकर आणि कोरलड्रॉच्या फाइली तिथे जशाच्या तशा उघडतील अशी आशा धरू नका. जुन्या गिऱ्हाइकांसाठी एक विंडोजचं मशीन नेटला न जोडता राहू द्या, नवीन काम युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, पानं लावायला स्क्रायबस आणि चित्रांना इंकस्केप घेऊन सुरू करून बघा, टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच. टॅली वापरत असाल तर तेही त्या विंडोजवरच. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण एका सोसायटीच्या क्लबहाउसमधे बसतो, एखाद्या लग्नपत्रिकेची फाइल घेऊन या, तिथेच बसून करून बघू, कारण तुमच्या धंद्यातल्या अडचणी आम्हाला पण नीट माहीत नाहीत आणि त्या कळायला हव्यात. पत्त्यासाठी मासिकाला लिहा.

प्रश्न : वाशीहून. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्स वापरून विंडोजमधे गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. आतल्या घड्याळाची बॅटरी बदलली तरी तेच.

उत्तर : बॅटरी उगाच बदललीत. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजतं, आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे म्हणून बरोब्बर तेवढाच फरक. लिनक्समधे टाइमडेटसीटीएल या कमांडने सेट-लोकल-आरटीसी ला १ द्या (timedatectl set-local-rtc 1), मग विंडोजमधे जाऊन वेळ एकदा नीट करा.